घड्याळाची वेळ आणि नमाजची वेळ

नमाज श्रद्धावंतांवर ठरावीक वेळांशी बांधून अनिवार्य केली आहे, असे पवित्र कुरआनच्या सूरह निसामध्ये (आयत 103) स्पष्ट केले आहे. हजरत जिब्रईल (अ.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना दोन दिवस नमाज पढवून या वेळा दाखविल्या. त्यांच्या खुणा सूर्य, सावली आणि संधिप्रकाश याच होत्या. म्हणून प्रत्येक गावाची नमाजची वेळ त्याच गावाच्या आकाशावरून ठरते. पूर्वी मोठ्या मशिदींत हे गणित करण्यासाठी ‘मुवक्कित’ नेमलेला असे. दमास्कसच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित इब्न अल-शातिर यांनी 1371 मध्ये तेथे उभारलेले छायायंत्र प्रसिद्ध आहे.

व्यवहारातील घड्याळेही दीर्घकाळ स्थानिकच होती. एकोणिसाव्या शतकात तारयंत्र आले आणि एका ठिकाणची वेळ क्षणात दूरवर कळविणे शक्य झाले. आगगाड्यांना सर्वत्र एकच वेळ हवी होती. म्हणून भारतीय रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. मुंबईची घड्याळे तिच्या सुमारे अर्धा तास मागे असत. पुढे 1 जानेवारी 1906 पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा 39 मिनिटे पुढे होती. मुंबईकरांनी तिला तीव्र विरोध केला. ‘बॉम्बे टाईम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून होता.

आज घड्याळ सर्वत्र एक आहे, परंतु सूर्योदय आणि सूर्यास्त एकाच वेळी होत नाहीत. नागपूर मुंबईच्या पूर्वेस सुमारे सहा रेखांशांवर आहे आणि प्रत्येक रेखांशामागे चार मिनिटांचा फरक पडतो. त्यामुळे नागपुरात सूर्य ऋतुमानाप्रमाणे वीस ते तीस मिनिटे आधी मावळतो. मोबाइलमध्ये नागपूरचे नाव तसेच राहिले आणि मुंबईत त्यानुसार इफ्तार केला, तर सूर्यास्तापूर्वीच रोजा सुटेल. उलट, मुंबईच्या वेळेने नागपुरात सहरी केली, तर फज्र सुरू झाल्यावरही खाणे चालू राहील.

प्रमाणवेळ हा माणसांनी सोयीसाठी केलेला ठराव आहे. दिलेली वेळ पाळण्यासाठी तो उपयुक्त आहे आणि मोमिनने तो पाळावा. इबादतीची वेळ मात्र अल्लाहने निर्माण केलेल्या सूर्याच्या गतीशी जोडलेली आहे. म्हणून प्रवासात आणि रमजानपूर्वी आपल्याच गावाचा तक्ता तपासून घ्यावा. एखाद्या दुपारी अंगणात काठी रोवून मुलांना सावली कलताना दाखवावी. जुहरची वेळ कशी सुरू होते, हे त्यांना तेथेच उमगेल.