अक्षरापर्यंतची वाट : एका विषयाभोवती, सगळ्यांनी मिळून वाचण्याचा पाठ



दरवर्षी 15 ऑक्टोबरला, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. पुस्तकं मांडतो, फोटो काढतो, अहवाल पाठवतो. आणि 16 तारखेला पुस्तकं परत कपाटात जातात. हे मी कोणाला दोष द्यायला सांगत नाही. मीही अनेक वर्षं हेच केलं.

मग एका वर्षी नववीच्या वर्गात 'वाचन आव्हान' सुरू केलं. तीन महिन्यांत जो सर्वांत जास्त पुस्तकं वाचेल त्याला बक्षीस. भिंतीवर तक्ता लावला, एका पुस्तकाला एक तारा. पहिल्याच महिन्यात एका मुलाचे अकरा तारे झाले. मी खूश! एकदा सहज त्याला विचारलं, "अरे, या पुस्तकातलं तुला काय पटलं नाही?" तो गप्प. नंतर कळलं, त्याने मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढला होता. चूक त्याची नव्हती. मी आकडा मागितला होता, त्याने आकडा दिला.

त्यानंतर आव्हानाची रचना बदलली. आजचा पाठ त्या बदललेल्या रचनेचा आहे.

कथेतर म्हणजे काय?

कथा-कादंबरी सोडून जे गद्य लेखन आपण वाचतो, त्याला ढोबळमानाने कथेतर लेखन म्हणतात. आत्मचरित्र, चरित्र, प्रवासवर्णन, निबंध, इतिहास, विज्ञानलेखन हे सगळं त्यात येतं. कादंबरीचा लेखक आपल्याला सांगतो, "असं समजा की..." कथेतर लेखक सांगतो, "हे असं आहे, हे असं घडलं." एकदा 'घडलं' म्हटलं की वाचकाला एक हक्क मिळतो. तो विचारू शकतो, "तुम्हाला हे कसं कळलं?" हा प्रश्न विचारायला शिकणं, हा या पाठाचा अर्धा हेतू आहे.

विषय कसा निवडायचा?

'निसर्ग', 'थोर व्यक्ती' असे विषय देऊ नका. ते इतके मोठे असतात की त्यात काहीही बसतं. विषय प्रश्नाच्या रूपात ठेवा. आमचा प्रश्न होता :

*लिहिणं-वाचणं कोणाला मिळालं, कोणाकडून मिळालं, आणि त्याची किंमत काय मोजावी लागली?*

प्रश्न असला की पुस्तकं एकमेकांशी बोलायला लागतात. एका पुस्तकात एक उत्तर मिळतं, दुसरं पुस्तक ते खोडतं. विषय फक्त नावापुरता असेल तर पुस्तकं नुसती शेजारी-शेजारी उभी राहतात.

आमची यादी

1. मुक्ता साळवे यांचा निबंध (1855). जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा तिचं वय होतं साधारण चौदा वर्षं, म्हणजे आमच्या नववीच्या मुलांएवढंच! थोडीच पानं आहेत. "सर, जाड पुस्तक नको" म्हणणाऱ्यांची सुरुवात इथून होते.

2. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', रमाबाई रानडे (1910). 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. पतीने स्वतः शिकवलं, तर घरातल्या बायकांनी विरोध केला.

3. 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळक. पहिला भाग 1934 साली आला. शालेय शिक्षण जवळजवळ नाही, तरी मराठीतलं सर्वांत जिवंत गद्य यात सापडतं. मुलं मोठ्याने हसतात, आणि मग हसता-हसता थांबतात.

4. 'बलुतं', दया पवार (1978) आणि 'उपरा', लक्ष्मण माने (1980). पहिल्यात गावकुसाबाहेरचं बालपण आणि मुंबई आहे. दुसऱ्यात टोपल्या विणत गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातलं मूल शाळेत जातं.

5. 'जिणं आमुचं', बेबी कांबळे (1986).

6. 'एक होता कार्व्हर', वीणा गवाणकर (1981). अमेरिकेत गुलामीत जन्मलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं चरित्र. त्यांचं जन्मसालही नक्की ठाऊक नाही. एका महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला आणि प्रत्यक्ष दारात उभं राहिल्यावर, रंग पाहून, नाकारला. तेच कार्व्हर 1896 साली टस्कीगी इथे शिकवायला गेले.

एका विद्यार्थ्याने सगळं वाचायची सक्ती नाही. प्रत्येकाने मुक्ता साळवेंचा निबंध आणि त्याशिवाय एक पुस्तक. पाच-पाच जणांचा गट, गटात प्रत्येकाचं पुस्तक वेगळं. आपल्या पुस्तकाविषयी गटात तुम्हीच एकटे जाणकार, त्यामुळे मलपृष्ठ उतरवून भागत नाही. बाकीचे चौघे प्रश्न विचारतात ना!

वाचन-पत्ता

दर आठवड्याला एक छोटा पुठ्ठा भरायचा. चारच ओळी :

- पान क्रमांक आणि तिथे काय घडलं, स्वतःच्या शब्दांत.
- लेखकाने हे स्वतः पाहिलं, कोणाकडून ऐकलं, की कुठे वाचलं?
- आपल्या मुख्य प्रश्नाला या पानाने काय उत्तर दिलं?
- मला न कळलेलं किंवा न पटलेलं काय?

दुसरी ओळ सुरुवातीला मुलांना जड जाते. पण तिथेच खरी गंमत आहे. रमाबाईंचं पुस्तक न्या. रानडे यांच्या मृत्यूनंतर (1901) आलं. म्हणजे गेलेल्या माणसाची आठवण काढत लिहिलेलं. अशा वेळी माणूस काय लिहील, काय गाळेल? वीणा गवाणकरांनी कार्व्हरना कधीच पाहिलं नव्हतं, त्यांनी त्यांच्याविषयी वाचून लिहिलं. म्हणून ते खोटं ठरतं का? नाही. पण पुरावा वेगळ्या जातीचा आहे. 'बलुतं'मध्ये तर दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघं एकच माणूस! मग लेखकाने स्वतःचे असे दोन भाग का केले असतील? या एका प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला.

वर्गात काय घडलं

चौथ्या आठवड्यातली गोष्ट सांगतो. एका गटातला मुलगा रमाबाईंविषयी बोलत होता. "नवऱ्याने शिकवलं, केवढं भारी!" त्याचं म्हणणं खरंच होतं. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पण गटातली एक मुलगी म्हणाली, "पण तिला शिकायचंय का, हे कोणी विचारलं? लग्न करायचंय का, हे तरी विचारलं होतं का?"

मग मी थोडी माहिती पुरवली. न्या. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते, पण पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. वर्ग शांत झाला. एकच माणूस सुधारकही असतो आणि वाकतोही. पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींच्या परिचयात हे मावत नाही, त्यासाठी अख्खं पुस्तक लागतं.

त्यानंतर 'जिणं आमुचं' वाचणारी मुलगी उठली. वर्गात कधी न बोलणारी. तिने दोन्ही पुस्तकांची नावं फळ्यावर लिहिली आणि म्हणाली, "सर, दोघीही 'आमच्या' म्हणतात, 'माझ्या' नाही. पण रमाबाईंचं 'आमच्या' म्हणजे त्या आणि त्यांचे मिस्टर. बेबीताईंचं 'आमुचं' म्हणजे अख्खी वस्ती." मी इतकी वर्षं ही दोन्ही नावं उच्चारतोय, माझ्या ध्यानात हे कधी आलं नव्हतं.

मी तिला सांगितलं की बेबी कांबळे फलटणला छोटं दुकान चालवायच्या. सामान बांधायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रं वाचायच्या. आणि आपलं लिखाण त्यांनी अनेक वर्षं घरात लपवून ठेवलं होतं. हे त्यांनी मुलाखतीत सांगितलंय, तेव्हा पत्त्यावर 'मुलाखतीतून' अशी नोंद कर.

ती म्हणाली, "मी पण लपवूनच वाचते, सर. घरी अभ्यासाचं सोडून दुसरं पुस्तक दिसलं की बोलणी बसतात. म्हणून मी पुस्तक नेतच नाही. मधल्या सुट्टीत वाचते, बाकात ठेवते."

मित्रांनो, मी भिंतीकडे पाहिलं. तक्ता अजून तिथेच होता. सवयीने ठेवला होता, ताऱ्यांसकट. तिच्या नावापुढे एकही तारा नव्हता. मनातल्या मनात मी तिला 'वाचनात मागे' या रकान्यात टाकून मोकळा झालो होतो. मधल्या सुट्टीच्या वीस-वीस मिनिटांत तिने जे वाचलं, ते अकरा तारे मिळवणाऱ्याने वाचलं नव्हतं, आणि मीही वाचलं नव्हतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तक्ता काढला. पुढच्या पालकसभेत मी गुणांविषयी बोलायच्या आधी या आव्हानाविषयी बोललो. पुस्तक टेबलावर ठेवून सांगितलं, "ताई, दादा, हाही अभ्यासच आहे." सगळ्यांना पटलं असं नाही. त्या मुलीची आई शेवटी थांबली, पुस्तक हातात घेऊन चाळलं, आणि म्हणाली, "न्या म्हणावं घरी." एवढंच.

आव्हान घेताना या गोष्टी सांभाळा

*प्रती कमी पडतात.* बहुतेक शाळांत एका पुस्तकाची एकच प्रत असते. गटात प्रत्येकाचं पुस्तक वेगळं ठेवलं की ही अडचण निम्मी होते. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बोला. सहल पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणार असेल तर भिलारला थांबा. 2017 पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे आणि तिथे घराघरांत बसून वाचता येतं.

*आधी स्वतः वाचा.* दलित आत्मकथनांत अपमान, भूक, हिंसा, शिव्या हे सगळं आहे, आणि ते असायलाच हवं. पण कोणता भाग मोठ्याने वाचायचा, कोणता एकट्याने, हे शिक्षकाने आधी ठरवलेलं बरं.

*कोणालाही प्रतिनिधी बनवू नका.* हे सर्वांत महत्त्वाचं. 'बलुतं' वाचताना वर्गातल्या एखाद्या मुलाकडे वळून "तुमच्याकडे असंच असतं का रे?" असं चुकूनही विचारू नये. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. वर्गात तो वाचक म्हणून बसलाय, पुरावा म्हणून नाही. उलट प्रश्न सगळ्यांना विचारा : "या पानावरच्या गावात आपण असतो, तर आपण कोणत्या बाजूला उभे असतो?"

*अर्धवट सोडायची मुभा द्या.* पन्नास पानं वाचून पुस्तक जमत नसेल तर बदला. मात्र का जमलं नाही, हे पत्त्यावर लिहा. तेही वाचनच आहे.

*शेवट स्पर्धेने करू नका.* आम्ही शेवटी सगळे पत्ते प्रश्नाच्या तीन भागांप्रमाणे भिंतीवर लावले : कोणाला, कोणाकडून, कोणत्या किमतीला. 'किमती'चा रकाना इतका भरला की भिंत पुरेना. मुलांनी शेवटचे पत्ते दारावर चिकटवले.

यातून काय शिकलो?

एकट्याने वाचलं की पुस्तक कळतं. एकाच प्रश्नाभोवती चार जणांनी चार पुस्तकं वाचली की पुस्तकांमधलं अंतर कळतं. आपल्याला सहज मिळालेली बाराखडी कोणाला नवऱ्याच्या हट्टाने मिळाली, कोणाला मैलोन्मैल चालून मिळाली, कोणाला रद्दीच्या कागदातून मिळाली. आणि ती वाट अजून संपलेली नाही. तिच्यावर चालणारं कोणी आपल्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर बसलेलं असू शकतं. तक्त्यावर ते दिसत नाही.

स्वाध्याय

1. आत्मचरित्र आणि चरित्र यांतला फरक तुम्ही वाचलेल्या दोन पुस्तकांच्या आधारे लिहा.
2. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आणि 'जिणं आमुचं' या शीर्षकांतल्या 'आम्ही'मध्ये कोण कोण येतं? कोण येत नाही?
3. लेखकाला एखादी गोष्ट कशी कळली असेल, याचा शोध घ्या. कोणतंही एक पान निवडा.
4. घरचा उपक्रम : आजी, आजोबा, आई किंवा शेजारच्या मावशी यांपैकी एकाला विचारा, "तुम्ही लिहा-वाचायला कसं शिकलात? किंवा का शिकता आलं नाही?" त्यांची परवानगी घेऊन एक पान लिहा. लिहून झाल्यावर ते त्यांना वाचून दाखवा, आणि त्या सांगतील ती दुरुस्ती करा.

चौथा प्रश्न टाळू नका. मुक्ता साळवेंनी आपल्या लोकांविषयी थोडी पानं लिहिली, आणि पावणेदोनशे वर्षांनी आपण ती वाचतोय. तुमच्या आजीचं एक पानही कोणीतरी लिहायला हवं. चला तर मग, वही काढा!