खाडीतील तिवर आणि मानवी शरीर

सजीवाची प्रत्येक पेशी पाण्यावर जगते. हे पाणी पेशीत शिरणार की बाहेर पडणार, हे बहुतांशी त्यात विरघळलेल्या क्षार-साखरेच्या प्रमाणावर ठरते. कमी क्षारांच्या बाजूकडून अधिक क्षारांच्या बाजूकडे अर्धपार्य पटलातून पाणी जाण्याच्या क्रियेस परासरण म्हणतात. ती दाखविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. बटाट्याचा एक काप साध्या पाण्यात व दुसरा मिठाच्या दाट पाण्यात तासभर ठेवावा. पहिला ताठ होतो, तर दुसऱ्यातील पाणी बाहेर पडून तो लुळा पडतो.

समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी घातल्यास सामान्य रोप सुकते. मग वर्सोवा व गोराईच्या खाडीकाठी, किंवा घाटकोपर-मुलुंडच्या पूर्वेस ठाणे खाडीत तिवर कसा तग धरतो? त्याची मुळे बहुतेक क्षार बाहेरच अडवतात. आत आलेल्या क्षारांपैकी बराच भाग पानांवरील क्षारग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या उन्हात पानांवर मिठाचे बारीक कण दिसतात, ते याचमुळे. विद्यार्थ्यांना हे झाडावरच दाखवावे. फांदी तोडू नये.

मानवी शरीरात हा समतोल मूत्रपिंडे राखतात. ती दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यांतील बहुतेक पाणी व उपयुक्त क्षार रक्तात परत घेतात. मूत्ररूपाने साधारणतः दीड लिटरच बाहेर पडते. परंतु समुद्राच्या पाण्याहून खारट मूत्र ती तयार करू शकत नाहीत. म्हणूनच समुद्राचे पाणी पिणाऱ्याची तहान भागत नाही. उलट शरीरातील पाणी घटते.

अतिसारात पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात आणि लहान मूल थोड्या वेळात धोक्यात येते. लहान आतड्यात ग्लुकोज व सोडियम एकत्र शोषले जातात व त्यांच्यामागून पाणी रक्तात येते. जलसंजीवनी याच तत्त्वावर आधारलेली आहे. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिचा मोठ्या प्रमाणावर वापर केला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

आरोग्य केंद्रातील पुडी केव्हाही उत्तम. ती नसल्यास उकळून थंड केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ अधिक घातल्यास गुण अधिक येईल, ही समजूत घातक आहे. बटाट्याच्या कापाचे जे झाले तेच मुलाच्या पेशींचे होईल. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा त्याला पिता येईना, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

परासरणाची व्याख्या परीक्षेपुरती पाठ होते. चमच्याचे माप मात्र प्रत्येक घरी ठाऊक असावयास हवे, आणि ते घरोघरी पोहोचविणे शिक्षक व पंचायत सदस्यांना सहज शक्य आहे.