तोफगोळ्यांचे अर्थशास्त्र : साठा, उत्पादनक्षमता आणि परकीय लष्करी साहाय्य

आधुनिक युद्धाचा विचार करताना क्षेपणास्त्रे, उपग्रह आणि मानवरहित विमाने यांचीच चर्चा अधिक होते. तथापि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केल्यानंतर जे भूयुद्ध सुरू झाले, त्याच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक टंचाई भासली ती तोफगोळ्यांसारख्या जुन्याच वस्तूची. युक्रेनच्या पाठीशी अमेरिका आणि युरोपीय संघ उभे होते. त्यांचे एकत्रित उत्पन्न रशियाच्या उत्पन्नापेक्षा अनेक पटींनी मोठे आहे. मग पैसा असूनही तोफगोळे कमी का पडले? या प्रश्नाचे उत्तर युद्धशास्त्राइतकेच अर्थशास्त्राच्या प्राथमिक संकल्पनांत दडलेले आहे.

साठा आणि प्रवाह

अर्थशास्त्रात साठा आणि प्रवाह यांत स्पष्ट भेद केला जातो. विशिष्ट क्षणी उपलब्ध असलेली राशी म्हणजे साठा, तर विशिष्ट कालावधीत निर्माण होणारी राशी म्हणजे प्रवाह. अल्प मुदतीचे युद्ध साठ्यावर लढता येते. दीर्घ युद्ध मात्र प्रवाहावरच लढावे लागते.

पाश्चिमात्य सैन्यांत १५५ मिलिमीटर व्यासाचा तोफगोळा प्रमाण मानला जातो. युद्धापूर्वी अमेरिकेत अशा गोळ्यांचे उत्पादन दरमहा सुमारे १४ हजार, म्हणजे वर्षाला सुमारे १ लाख ६८ हजार होते. २०२३ च्या मध्यापर्यंत अमेरिकेने युक्रेनला असे २० लाखांहून अधिक गोळे देऊ केले. युद्धपूर्व वेगाने हे जवळजवळ बारा वर्षांचे उत्पादन होय. हे साहाय्य मुख्यतः जुन्या साठ्यातून झाले, हे यावरून उघड होते. मार्च २०२३ मध्ये युक्रेनचे तत्कालीन संरक्षणमंत्री ओलेक्सी रेझ्निकोव्ह यांनी युरोपीय संघाकडे दरमहा अडीच लाख गोळ्यांची मागणी केली. त्या वेळी युक्रेनचा सरासरी वापर दरमहा सुमारे १ लाख १० हजार गोळ्यांचा होता. वापर आणि उत्पादन यांतील ही दरी म्हणजेच समस्येचे मूळ.

पुरवठा अलवचीक का असतो?

किंमत वाढली की पुरवठा वाढतो, हा पुरवठ्याचा नियम सर्वांस परिचित आहे. मात्र अल्पकाळात उत्पादनक्षमता स्थिर असल्याने पुरवठ्याची लवचिकता अत्यल्प असते. नाटोच्या लष्करी समितीचे तत्कालीन अध्यक्ष ॲडमिरल रॉब बाउअर यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले, की एका तोफगोळ्याची किंमत २ हजार युरोवरून ८ हजार युरोवर गेली आहे. किंमत चौपट झाली, परंतु उत्पादन त्या प्रमाणात वाढले नाही. परिणामी वाढीव खर्चाचा मोठा भाग अधिक गोळ्यांत नव्हे, तर अधिक किमतीत खर्ची पडला.

याचे कारण उत्पादनाच्या साखळीत आहे. सुमारे ४५ किलो वजनाच्या गोळ्याचे चार प्रमुख घटक असतात : पोलादी कवच, त्यात भरलेले स्फोटक, स्फोट घडविणारा फ्यूज आणि गोळा तोफेतून फेकणारे प्रणोदक. अमेरिकेत कवचे पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथे घडविली जात आणि त्यांत स्फोटक भरण्याचे काम आयोवा राज्यातील कारखान्यात होई. टीएनटी या स्फोटकाचे देशांतर्गत उत्पादन अमेरिकेने १९८० च्या दशकातच थांबविले होते. युरोपीय संघात त्याचा मोठा उत्पादक पोलंडमधील बिदगोश्च येथे एकच होता. प्रणोदकासाठी लागणारे नायट्रोसेल्युलोज सरकीवरील आखूड तंतूंपासून बनते आणि या तंतूंसाठी युरोप मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून होता. साखळीतील सर्वांत अरुंद दुवा जेवढे उत्पादन होऊ देईल, तेवढेच अंतिम उत्पादन होते. उरलेल्या दुव्यांवर कितीही पैसा ओतला, तरी हा नियम बदलत नाही.

एकच ग्राहक असलेली बाजारपेठ

कारखानदारांनी क्षमता आधीच का वाढविली नाही? तोफगोळ्यांचा कायदेशीर ग्राहक म्हणजे केवळ शासन. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर युरोपीय शासनांनी खरेदी घटविली आणि उद्योगाने क्षमता कमी केली. युद्ध सुरू झाल्यावर मागणी वाढली, पण ती किती वर्षे टिकेल याची हमी नव्हती. शांतता प्रस्थापित होताच रिकामा पडणारा कारखाना कोणीही स्वखर्चाने उभारीत नाही.

म्हणून शासनांना मागणीची हमी द्यावी लागली. युरोपीय संघाने जुलै २०२३ मध्ये दारूगोळा उत्पादनास साहाय्य करणारा कायदा संमत करून ५० कोटी युरोंची तरतूद केली. अमेरिकेने दरमहा एक लाख गोळ्यांचे उद्दिष्ट ठेवले. जर्मनीत ऱ्हाइनमेटाल या कंपनीच्या उंटरल्यूस येथील नव्या कारखान्याची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली आणि उद्घाटन ऑगस्ट २०२५ मध्ये. निधी आणि राजकीय इच्छाशक्ती असूनही कारखाना उभा राहण्यास दीड वर्ष लागले, ही बाब लक्षणीय आहे.

परकीय साहाय्याच्या तीन मर्यादा

परकीय लष्करी साहाय्य तीन गोष्टींनी मर्यादित होते : देणाऱ्याचा साठा, त्याची उत्पादनक्षमता आणि त्याची राजकीय संमती. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने बारा महिन्यांत दहा लाख गोळे देण्याचे आश्वासन दिले. मुदतीपर्यंत त्यांपैकी जेमतेम निम्मे पोहोचतील, असे संघाला जानेवारी २०२४ मध्ये मान्य करावे लागले. याच सुमारास संघाची वार्षिक उत्पादनक्षमता दहा लाखांवर गेल्याचेही जाहीर झाले. म्हणजे क्षमता, प्रत्यक्ष उत्पादन आणि युद्धभूमीवर पोहोचलेला माल या तीन भिन्न गोष्टी आहेत.

संमतीचा प्रश्न अमेरिकेत प्रकर्षाने दिसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मागितलेला निधी काँग्रेसमध्ये अडकला. युक्रेनसाठी सुमारे ६,१०० कोटी डॉलरची तरतूद असलेल्या कायद्यावर स्वाक्षरी होण्यास २४ एप्रिल २०२४ उजाडला. दरम्यान फेब्रुवारी २०२४ मध्ये युक्रेनी सैन्याने आव्दिईव्का या शहरातून माघार घेतली. दारूगोळ्याची टंचाई हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. दूरच्या राजधानीतील विलंबाची किंमत खंदकातील सैनिकाने मोजली.

प्रमाणीकरणाची अडचण वेगळीच होती. युक्रेनच्या जुन्या तोफा सोव्हिएत पद्धतीच्या, १५२ व १२२ मिलिमीटरच्या. १५५ मिलिमीटरचा गोळा त्यांत चालत नाही. त्यामुळे चेक प्रजासत्ताकाने २०२४ मध्ये अनेक देशांकडून निधी गोळा करून युरोपबाहेर मिळतील तेथून दोन्ही पद्धतींचे गोळे मिळविण्याचा उपक्रम हाती घेतला. बाह्य मदतीची गरज केवळ युक्रेनलाच भासली असे नाही. सोव्हिएतकालीन साठा आणि शासकीय कारखाने हाताशी असूनही रशियाने उत्तर कोरियाकडून मोठ्या प्रमाणावर तोफगोळे घेतले.

भारतासाठी बोध

१९९९ च्या कारगिल संघर्षात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बाँब व रॉकेट डागली. पुढे २०१५ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवून दिले, की मार्च २०१३ मध्ये दारूगोळ्याच्या एकूण प्रकारांपैकी केवळ १० टक्के प्रकारांचाच ४० दिवसांचा अपेक्षित राखीव साठा उपलब्ध होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे सात सार्वजनिक कंपन्यांत रूपांतर झाले. त्यांपैकी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय पुण्यात असून खडकी, चंद्रपूर, भंडारा, वरणगाव तसेच इटारसी आणि ओडिशातील बडमाल येथील निर्माणी तिच्याकडे आहेत.

शांतताकाळात अशी क्षमता राखणे खर्चिक असते. तोच पैसा शिक्षण, आरोग्य वा सिंचन यांवर खर्च होऊ शकला असता. हा संधी खर्च नाकारता येत नाही. परंतु राखीव क्षमता हा विम्याच्या हप्त्यासारखा खर्च आहे. संकट आले नाही तर तो वाया गेल्यासारखा वाटतो. संकट आल्यावर मात्र विमा उतरविता येत नाही. हप्ता किती असावा, यावर मतभेद असू शकतात आणि लोकशाहीत ते असावेतही. तो निर्णय मात्र संकटापूर्वीच व्हावा लागतो.

सारांश, अल्पकाळात पैसा क्षमतेची जागा घेऊ शकत नाही आणि परकीय मित्र देशांतर्गत क्षमतेला पूरक ठरतो, पर्याय नव्हे. पुढील काळात ड्रोनने तोफेच्या कामाचा काही भाग उचलला, तरी त्याच्या बॅटऱ्या, मोटारी व सुटे भाग यांनाही हाच नियम लागू पडतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. साठा आणि प्रवाह यांतील भेद संरक्षण उत्पादनाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. एकच ग्राहक असलेल्या बाजारपेठेत उत्पादक क्षमतावाढीस का धजावत नाहीत? शासन कोणते उपाय योजू शकते?
३. ‘परकीय लष्करी साहाय्य हे स्वयंपूर्णतेला पर्याय ठरू शकत नाही.’ चर्चा करा.