गोटी सोडा आणि स्मृती

भरतमुनींच्या ३३ व्यभिचारी भावांत ‘स्मृती’ची गणना आहे. तिचे उद्दीपन म्हणून मी येथे गोटी सोड्याची बाटली घेतो. साहित्यशास्त्राचे प्राध्यापक क्षमा करतील. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली तिचे पेटंट घेतले. आतील वायूच्या दाबाने गोटी गळ्यातील रबरी कड्याला घट्ट बसते. ती दाबल्याचा आवाज कानी पडला, की मला आजोबांबरोबरची कल्याण स्टेशनबाहेरची दुपार आठवते. सोड्याची चव मात्र आठवत नाही! म्हणजे स्मृती बाटलीच्या घाटात आणि नादात आहे. जपानमधील ‘रामुने’ या पेयाने तो घाट अजून राखला आहे. हल्ली क्राफ्ट बिअरच्या कॅनवर जुन्या वळणाची चित्रे छापतात. ती पाहून मी काळ ओळखतो. आजोबा काही आठवत नाहीत.