हत्यारांची भेट
(द्वितीय वर्ष कला)

भेट म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पेन, भिंतीवरचे घड्याळ, शर्टाचे कापड किंवा एखादी तसबीर येते. हत्यारांची पेटी सहसा येत नाही. वास्तविक ज्याचे पोट हातावर आहे, त्याला याहून उपयोगी भेट क्वचितच असेल. परंतु ती निवडणे सोपे नाही. देणाऱ्याला बहुधा त्या कामाची माहिती नसते आणि घेणारा संकोचाने काही मागत नाही. कला महाविद्यालयाच्या वार्षिकात हा विषय कशाला, असेही कोणी म्हणेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील गवंडीकाम करतात. धाकटा भाऊ दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये विजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, या शाखेला गेला. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. सुट्टीच्या दिवशी तो एका वायरमनबरोबर कामाला जातो. स्वतःची हत्यारे नसल्यामुळे तो तेथे शिडी धरतो, वायर ओढतो, पिशवी उचलतो. ज्याच्या हातात पक्कड, त्याच्याच हातात काम, हा तेथला रिवाज. 'कमवा व शिका' योजनेत ग्रंथालयात काम करून माझ्याजवळ दीड हजार रुपये साठले होते. तेवढ्यात त्याला हत्यारे घ्यायची असे मी ठरविले आणि महिनाभर चौकशी केली. त्या चौकशीतून जे हाती लागले ते येथे क्रमाने मांडते.

१. पेटी नको, यादी हवी

रविवार पेठेतील बोहरी आळीत हार्डवेअरची दुकाने ओळीने आहेत. तेथे भेट द्यायची आहे असे म्हणताच दुकानदार प्लॅस्टिकची मोठी पेटी पुढे करतात. मलाही चाळीस नगांची एक पेटी दाखविली गेली. पेटी उघडली की डोळे दिपतात. पण मोजून पाहिले तर निम्मे नग पान्ह्यांच्या गोट्या आणि लहान बिटे असतात. घराच्या वायरिंगमध्ये त्यांना फारसे काम नसते. रोज लागणारी पक्कड मात्र त्यात सर्वांत हलकी असते.

म्हणून प्रथम काम पाहावे, मग हत्यार. आय.टी.आय.च्या प्रत्येक शाखेच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याच्या हत्यारांची यादी दिलेली असते. ती भावाच्या वहीतून उतरवून घेतली आणि पहिल्या दिवसापासून काय लागते त्यावर खुणा केल्या. २०० मि.मी.ची पक्कड, दोन चपटे आणि एक चौफुली डिसमिस, टेस्टर, वायर कापण्याचा कटर, पाच मीटरची टेप आणि एक लहान हातोडी. बाकीचे तो पुढे कमाईतून घेईल.

येथे शब्दांविषयी थोडेसे. पुस्तकात आपण 'अवजार' लिहितो, कारागीर 'हत्यार' म्हणतो. स्क्रू ड्रायव्हरला तो 'डिसमिस' म्हणतो. आय.टी.आय.च्या कागदावर फिटरला 'जोडारी' आणि वायरमनला 'तारतंत्री' म्हणतात, पण कामावर ते शब्द कोणी उच्चारीत नाही. भाषेच्या विद्यार्थ्याने या दोन्ही शब्दकोशांची ओळख ठेवावी. दुकानात तर ती फारच उपयोगी पडते.

२. चकाकी नव्हे, पाणी

चकाकी हा वरचा मुलामा असतो. हत्याराचा गुण आतल्या पोलादात आणि त्याच्या घडणीत असतो. ओतीव लोखंड साच्यात ओतून थंड केलेले असते. ते ठिसूळ असल्यामुळे जोराचा घाव बसला तर तुटते. घडीव हत्यार तापलेल्या पोलादाला साच्यात ठोकून घडवितात, त्यामुळे पोलादातील तंतू आकाराच्या वळणाने जातात आणि ते ताण सोसते. त्यानंतर त्याला पाणी देतात, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करतात आणि पुन्हा बेताने तापवितात. पहिल्या क्रियेने कठीणपणा येतो, दुसरीने ठिसूळपणा जातो. तलवारीचे पाणी आणि माणसाचे पाणी आपण ज्या शब्दाने जोखतो, तोच हा शब्द.

चांगल्या पान्ह्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' असे कोरलेले आढळते. निर्मात्याचे नाव आणि माप हेही कोरलेले असावे. नुसते चिकटविलेले असेल तर सावध राहावे. आपल्या राज्यात नाशिकला टपारियाचा हत्यारांचा कारखाना आहे. तो स्वीडनच्या बाको कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने उभा राहिला. मागेपुढे सरकणाऱ्या जबड्याच्या पान्ह्याचे पेटंट १८९२ साली घेणारे योहान्सन हे याच बाकोचे संस्थापक. पंजाबातील जालंधर आणि लुधियाना येथेही हत्यारांचा मोठा धंदा आहे. अर्थात नाव पाहून डोळे मिटू नयेत. एकाच नावाखाली बरा-वाईट माल असतो आणि नकलाही निघतात. म्हणून पक्के बिल घ्यावे.

३. हातात घेऊन पाहणे

पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. जबड्यांची टोके जुळली पाहिजेत आणि कापणाऱ्या धारेतून उजेड दिसता कामा नये. सांधा डगमगू नये, तसा अडूही नये. डिसमिसची कांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहावे. चौफुली टोकाची मापे असतात. ० ते ३ यांपैकी २ हे माप सर्वांत जास्त लागते. टोक लहान पडले तर ते फिरून स्क्रूची खाच खाऊन टाकते. हातोडीच्या दांड्याचे तंतू लांबीच्या दिशेने असावेत आणि डोक्यात पाचर घट्ट बसलेली असावी. कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकाम पाहिले, तेव्हा हातोडीच्या तोंडाचे महत्त्व कळले. तेथे तोंड आरशासारखे राखावे लागते, कारण त्यावरचा प्रत्येक ओरखडा तांब्यावर उमटतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूठ. वडील म्हणाले, "दुसऱ्याच्या थापीवर हात बसत नाही, पोरी. त्याला सोबत ने." मी नेले. मला आवडलेली जाड मुठीची पक्कड त्याने बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली. अचानक भेट देण्याची मजा गेली खरी, पण तळहात त्याचा आहे.

४. विजेची भीती

येथे काटकसर करू नये. पकडीवर रंगीत आवरण असले म्हणजे ती विजेपासून संरक्षण देते, असा समज सर्वत्र आहे. साधे आवरण केवळ पकड चांगली बसावी म्हणून असते. चालू विजेच्या कामासाठी तपासलेल्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असा आकडा असतो. ते महाग असते, तरी विजतंत्र्याच्या यादीत पहिला पैसा तेथेच जावा. आणि असे हत्यार हाती असले तरी मेन स्विच बंद करूनच काम करावे.

टेस्टरमध्ये निऑन दिव्याबरोबर मोठा रोध असतो. त्यामुळे शरीरातून अगदी क्षीण प्रवाह जातो आणि दिवा लागतो. पण दिवा बिघडला असेल तर चालू तारही बंद भासते. म्हणून आधी खात्रीने चालू असलेल्या जागी टेस्टर लावून पाहावा. त्याचा डिसमिस म्हणून उपयोग करू नये.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वापरलेली हत्यारे स्वस्त मिळतात. हातोडी तेथून घ्यायला हरकत नाही, मीही तेथूनच घेतली. पण टेस्टर किंवा आवरणाची पक्कड जुनी घेऊ नये. आवरणाची बारीक भेग डोळ्यांना दिसत नाही.

५. भेटीचा अर्थ

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत गवंडी, सुतार, लोहार अशा १८ पारंपरिक व्यवसायांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविले गेले. हत्याराविना कारागीर अपुरा आहे, हे त्यात मान्य झाले. विजतंत्री त्या अठरांत नाही. अशा मुलांच्या बाबतीत हे काम घरानेच करावयाचे आहे.

आमच्या वस्तीत 'शिकणारी' म्हणून माझे नाव घेतात. भावाविषयी 'तो कामाला जातो' असे म्हणतात. मला पुस्तके घेताना घरात कोणी हिशेब मागितला नाही. त्याची पक्कड मात्र 'पुढे बघू' म्हणून राहिली. मी चार कादंबऱ्यांवर टिपणे काढते, तो चार खोल्यांचा नकाशा पाहून तारांची वाटणी करतो. दोन्हींना डोके लागते, दोन्ही शिक्षणच आहे. त्याची यादी उतरवून घेताना मला त्याचा अभ्यासक्रम प्रथमच नीट वाचायला मिळाला.

खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतो. मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी भाऊ, बहीण, चुलता हाताने काम करणारा असेल. पुढच्या खंडेनवमीपूर्वी त्यांना एवढे विचारा की, तुमच्या कामात रोज काय लागते आणि काय उसने आणावे लागते? उत्तर लिहून घ्या. त्या यादीतले एकच हत्यार घ्या, पण चांगले घ्या.