शेजारची खाट

वृद्धाश्रम बघायला गेलेली माणसं खोल्या बघतात, संडास-मोरी बघतात, जेवणात काय असतं आणि महिन्याला किती पैसे पडतात ते विचारतात. हे सगळं विचारायलाच हवं. पण तिथे राहणाऱ्यांचं आपसात कसं आहे आणि त्यांची सेवा करणाऱ्या मावश्यांशी त्यांचं कसं जमतं, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या आत्याच्या वाट्याला जे आलं ते जवळून पाहिल्यावर मला वाटतं, सगळ्यात आधी हेच विचारावं. तिथे म्हातारं माणूस तगतं ते या नात्यांच्या जोरावर. ती तुटली की फरशी कितीही चकचकीत असो, माणूस आतून खचत जातं आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आत्याचे यजमान सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मूलबाळ नाही. ते गेल्यावर ती बरीच वर्षं एकटी राहिली. पुढे गुडघे थकले, साखर वाढली, तेव्हा सोलापूरच्या वेशीबाहेरच्या एका वृद्धाश्रमात तिने स्वतःच्या मनाने जागा घेतली. संस्थेचं नाव मी घेत नाही, कारण असं कुठेही घडू शकतं.

सुरुवातीचा काळ फार चांगला गेला. शेजारच्या खाटेवर अक्का होत्या, शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या. रोजच्या हजार विड्यांच्या हिशेबात उभं आयुष्य गेलेलं. त्यांची मराठी कामापुरतीच, आणि विसरभोळेपणा वाढला तशी तीही मागे पडत चाललेली. आत्याला तेलुगूचा गंध नाही. तरी दोघींचं जमलं. आत्याचा हात थरथरायचा, म्हणून अक्का तिला वेणी घालून द्यायच्या. अक्कांना कुठली गोळी कधी घ्यायची ते आठवायचं नाही, ते आत्या बघायची. दुपारी दोघी मिळून स्वयंपाकघरासाठी शेंगा फोडायच्या. जवळच्या खेड्यातून येणारी एक मावशी तिथे कितीतरी वर्षं कामाला होती. तिला मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा थोड्याथोड्या यायच्या. कोण रात्री उठतं, कुणाला कोरा चहा लागतो, कोण रुसलं की जेवत नाही, हे सगळं तिला पाठ होतं.

मग त्या मावशीचा पगार थकू लागला आणि तिने काम सोडलं. तिच्या जागी ठेकेदाराकडून मुली येऊ लागल्या. एकीचं नाव कळेपर्यंत दुसरी यायची. त्यातच व्यवस्थापनाने सोयीसाठी खाटा हलवल्या. ज्यांना उचलावं लागतं ते एका खोलीत, हिंडते-फिरते दुसऱ्या खोलीत. अक्का वरच्या मजल्यावर गेल्या. आत्याने विचारलं, तर तिला सांगण्यात आलं, “इथे घरच्यासारखं चालत नाही.”

एप्रिल-मे आला. सोलापूरचा उन्हाळा सांगायला नको, पारा चाळिशी ओलांडून त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. रात्रपाळीला दोन मजल्यांना मिळून एकच बाई. लघवीला उठवलं की ती वैतागायची, बोलायची. आत्या मानी बाई. तिने कुणाकडे तक्रार केली नाही, दुपारनंतर पाणी पिणंच सोडून दिलं. पुढे ती असंबद्ध बोलू लागली. मिलचा भोंगा झाला, डबा भरायचाय, असं म्हणायची. आश्रमातून फोन आला की आत्या आता भ्रमिष्ट झाल्यात, वय झालंय, यायचं तर येऊन बघून जा.

दवाखान्यात नेल्यावर निदान झालं. अंगातलं पाणी कमी झालेलं आणि लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग. म्हातारपणी अशा संसर्गात ताप येईलच असं नाही, कधीकधी बुद्धीचा गोंधळ हेच पहिलं लक्षण असतं. सलाइन आणि औषधांनी ती पूर्ववत झाली. नंतर स्वयंपाकाच्या बाईकडून कळलं की अक्का जेवणाच्या वेळी खाली आल्या की स्वतःचा पेला आत्यापुढे सरकवायच्या आणि नव्या मुलींना हातवारे करून काहीतरी सांगायच्या. ही पाणी पीत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मुलींना ती म्हातारीची बडबड वाटली. डॉक्टरांच्या कितीतरी आधी ज्या बाईला धोका कळला होता, तिला आत्याच्या खाटेपासून दूर केलेलं होतं आणि तिची भाषा समजणारी मावशी निघून गेली होती.

यातून मी जे शिकले ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

जागा बघताना

एकदा सकाळी जा, एकदा जेवणाच्या वेळी, आणि एकदा दिवेलागणीनंतर मुद्दाम जा. रात्री कितीजणांमागे किती माणसं कामाला असतात ते विचारा. सर्वांत जुनी मावशी किती वर्षांपासून आहे, पगार वेळेवर होतो का, आठवड्याची सुटी मिळते का, हेही विचारा. हे प्रश्न आगाऊपणाचे नाहीत. जिला स्वतःच्या घरची चूल पेटेल की नाही याची चिंता आहे, ती रात्री तिसऱ्यांदा हाक आल्यावर किती शांत राहू शकेल?

मावश्या राहणाऱ्यांना कशी हाक मारतात ते ऐका. आजी, काका, अक्का, गुरुजी अशा हाका कानावर आल्या तर बरं समजा. “ए म्हातारे” ऐकू आलं, किंवा माणसाऐवजी खाटेचा नंबर, तर तिथून परत फिरा. राहणाऱ्यांना मावश्यांची नावं माहीत आहेत का, तेही बघा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून साठवणीची सोय आणि प्रत्येक खाटेजवळ पिण्याचं पाणी, दोन्ही डोळ्यांनी पाहून घ्या.

दाखल करताना

औषधांच्या यादीबरोबर माणसाचीही एक यादी द्या. घरची भाषा कोणती, आयुष्यभर काय काम केलं, काय म्हणून हाक मारलेली आवडते, सकाळी उठल्यावर काय लागतं, कशाची भीती वाटते. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू नांदतात. स्मृतिभ्रंश झालेल्यांची नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते आणि लहानपणची राहते. म्हणून पाणी, भूक, लघवी, दुखतंय, भीती वाटते एवढे शब्द तरी त्यांच्या भाषेत लिहून खाटेजवळ लावा आणि रात्रपाळीच्या बाईकडून एकदा म्हणवून घ्या.

खाट बदलण्याआधी त्या माणसाला आणि घरच्यांना विचारलं जाईल, हे लेखी मागा. संस्थेला अडचणी असतात, कधी बदल करावाच लागतो. मग ज्यांचं आपसात जमलंय त्या दोघांना मिळून हलवा, निदान रोज भेटण्याची वेळ तरी राखून ठेवा.

राहू लागल्यावर

म्हातारी माणसं एकत्र आली म्हणजे आपोआप गोडीगुलाबी होते असं नाही. टीव्हीचा रिमोट कुणाकडे, पंख्याखाली कोण, पंगतीत कुणाशेजारी बसायचं, यावरून दिवस कडू होतात. जातीवरून पेला वेगळा ठेवणारे तिथेही भेटतात. ज्याला व्यवस्थापकाने किल्ली दिली तो इतरांवर दादागिरी करतो. यावर उपाय म्हणजे महिन्यातून एक बैठक, सगळ्यांच्या सोयीची, मावश्याही हजर, आणि बाहेरचं कुणीतरी निःपक्षपाती माणूस. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हाती ती पडू नये. आत्या आता दुसऱ्या आश्रमात राहते, तिथे निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई ही बैठक चालवतात. पहिल्या बैठकीत कुणी तोंड उघडलं नव्हतं, आता भाजीत मीठ किती यावर तासभर वाद होतो. मला तो वाद ऐकून आनंद होतो, कारण तिथे बोलायला कुणी घाबरत नाही.

हाताला काम हवं, पण सक्ती नको. शेंगा फोडणं, ज्वारी निवडणं, देवापुढचा हार गुंफणं. ज्यांनी जन्मभर माग चालवले, विड्या वळल्या, त्यांना दिवसभर नुसतं बसवून ठेवणं ही सेवा नव्हे. सणही आपल्या मातीतले असावेत. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, गड्डा, म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू सगळ्या घरांचा सण. ज्यांना नेता येईल त्यांना नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर खुर्ची टाकून बसवा आणि त्या दिवशी मावश्यांनाही आळीपाळीने सुटी द्या. त्यांच्याही घरी संक्रांत असते.

वाढदिवसाला अन्नदान करायला येणाऱ्यांनाही हात जोडून एक विनंती. म्हाताऱ्यांना रांगेत बसवून, हातात ताट देऊन फोटो काढू नका. विचारा, आणि कुणी नको म्हटलं तर आग्रह धरू नका. जेवण वाढून लगेच निघण्यापेक्षा तासभर बसा, नाव विचारा, गाव विचारा.

नातेवाइकांनी एखाद्या मावशीच्या हातात गुपचूप पैसे देऊ नयेत. त्यातून ज्यांचं कुणी येत नाही त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं आणि मावश्यांमध्येही फूट पडते. द्यायचंच तर दिवाळीला सगळ्यांसाठी मिळून द्या.

आणि कुणी गेलं तर लपवू नये. रात्री रुग्णवाहिका येते, सकाळी खाट रिकामी असते, विचारलं तर “गावाला गेल्या” म्हणतात. आपलंही असंच होणार, हे इतरांना त्यातून कळतं. खरं सांगावं, शेवटचं दर्शन घेऊ द्यावं. ज्या मावशीने अंघोळ घातली तिलाही रडायला वेळ मिळावा.

धोक्याच्या खुणा

बोलणं अचानक असंबद्ध होणं, गप्प होणं किंवा दिवसा झोपाळणं हे वयावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ओठ कोरडे, लघवी गडद असेल तर पाण्याची चौकशी करा. आधीच हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. भेटीत कंबर आणि टाचांवर जखमा झाल्यात का ते स्वतः बघा. मावशी जवळ येताच आपल्या माणसाचा आवाज खाली जात असेल तर त्याच्याशी एकांतात बोला.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. तातडीच्या वेळी ११२. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे, त्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. मूलबाळ नसलेल्यांची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा पुढे जाणार आहे, त्याच्यावरही हा कायदा जबाबदारी टाकतो. घर बक्षीसपत्राने देताना सांभाळण्याची अट त्यात लिहून घ्या. ती पाळली नाही तर कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं.

शेवटचं सांगणं भेटायला येणाऱ्या घरच्यांना. आपण आपल्याच माणसाच्या खाटेशी बसतो आणि निघतो, बाकीच्या नातेवाइकांची ओळखसुद्धा नसते. ती करून घ्या. फोन नंबर एकमेकांना द्या, तीन महिन्यांतून एकदा एकत्र बसा, आणि ज्यांना भेटायला कुणीच येत नाही त्यांची विचारपूस आपसात वाटून घ्या. एका घराने केलेली तक्रार संस्थेला कटकट वाटते. दहा घरांनी मिळून रात्रपाळीला दुसरी बाई मागितली, तिच्या पगारासाठी महिन्याला थोडे जास्त पैसे भरायची तयारी दाखवली, तर ते मागणं टाळणं कुठल्याही संचालकाला अवघड जातं. आत्याच्या आताच्या आश्रमात आम्ही हे करून पाहिलं. रात्री आता दोघी असतात.