मनोविकारावरील औषधोपचार आणि वाढते वजन

मनोविकार हा इतर व्याधींसारखाच एक व्याधी असून त्यावर औषधे उपलब्ध आहेत, ही जाणीव आता खेड्यापाड्यांत रुजू लागली आहे. १९५२ साली पॅरिस येथील डॉक्टर ज्याँ दले व पिएर दनिकर यांनी क्लोरप्रोमाझीन या औषधाचा मनोरुग्णांवर उपयोग केला आणि या उपचारांचे नवे युग सुरू झाले. आपल्याकडे १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखण्यात आला. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात केलेल्या प्रयोगाच्या आधारे १९९६ पासून जिल्हा पातळीवर हा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्यामुळे जे औषध पूर्वी दूरच्या मनोरुग्णालयातच मिळे, ते जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी मिळू लागले. मात्र औषध जितके जवळ आले, तितकीच त्याच्या परिणामांवरील देखरेखही जवळ येणे आवश्यक आहे.

अंगाने भरणे म्हणजे बरे होणे नव्हे

निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांत आजारातून उठलेला माणूस अंगाने भरू लागला की घरच्या मंडळींना समाधान वाटते. ज्वर किंवा क्षय यांतून उठलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते योग्यच आहे. स्किझोफ्रेनियासारख्या आजारावर औषध घेणाऱ्या रुग्णाचे वजन काही आठवड्यांतच झपाट्याने वाढू लागले, तर ती मात्र सावध होण्याची खूण होय. ओलान्झपीन व क्लोझापीन या औषधांनी वजन सर्वाधिक वाढते. रिस्पेरिडोन व क्वेटियापीन यांनी ते मध्यम प्रमाणात, तर हॅलोपेरिडॉल व अरिपिप्राझोल यांनी तुलनेने कमी वाढते.

याचे कारण रुग्णाचा हावरेपणा नव्हे. मेंदूत भूक व तृप्ती यांचे नियमन करणाऱ्या हिस्टामीन व सेरोटोनिन या द्रव्यांच्या कार्यात ही औषधे अडथळा आणतात. त्यामुळे पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. गुंगीमुळे हालचाल मंदावते. काहींना तोंड कोरडे पडल्याने वारंवार गोड चहा किंवा शीतपेय घ्यावेसे वाटते. काही औषधांमुळे वजन फारसे न वाढताही रक्तातील साखर व चरबी वाढू शकते. तीव्र मनोविकाराचे रुग्ण इतरांपेक्षा सुमारे दहा ते वीस वर्षे अल्पायुषी ठरतात आणि त्यांतील बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह यांसारख्या शारीरिक व्याधींमुळे होतात. मन सावरले आणि शरीर खचले, असे होऊ देता कामा नये.

मोजमाप केव्हा करावे ?

अमेरिकेतील मधुमेह व मनोविकार या विषयांच्या तज्ज्ञ संघटनांनी २००४ मध्ये यासंबंधी एक वेळापत्रक सुचविले. त्यानुसार औषध सुरू करताना वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी रक्तातील साखर व चरबी यांची नोंद करावी. त्यानंतर चौथ्या, आठव्या व बाराव्या आठवड्यात आणि पुढे दर तीन महिन्यांनी वजन घ्यावे. रक्तदाब व साखर बाराव्या आठवड्यात आणि नंतर दरवर्षी तपासावी. चरबीची तपासणीही बाराव्या आठवड्यात पुन्हा करावी.

मूळ वजनाच्या पाच टक्के वाढ झाल्यास, म्हणजे साठ किलो वजनाच्या रुग्णात तीन किलोंची भर पडल्यास, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भारतीय पुरुषाच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा व स्त्रीचा ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे धोक्याचे मानतात.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. मधुमेह व रक्तदाब यांची गावपातळीवरील सर्वसाधारण तपासणी वयाच्या तिसाव्या वर्षापासून होते. स्किझोफ्रेनिया मात्र बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो. म्हणून अशा तरुण रुग्णाची तपासणी कुटुंबाने व आशा कार्यकर्तीने आवर्जून मागून घ्यावी.

विडीचा संबंध

निपाणी परिसर तंबाखूच्या पिकासाठी व विडी व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. विडीच्या धुरातील द्रव्यांमुळे यकृत क्लोझापीन व ओलान्झपीन ही औषधे अधिक वेगाने नष्ट करते. रुग्णाने विडी एकाएकी सोडल्यास त्याच मात्रेतील औषध रक्तात वाढते व गुंगीसारखे त्रास होऊ शकतात. विडी सोडणे हितकरच आहे. मात्र ती सोडण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे, म्हणजे त्यांना औषधाची मात्रा ठरविता येईल. तंबाखू चघळल्याने औषधावर हा परिणाम होत नाही, तथापि तिचे इतर दुष्परिणाम सर्वज्ञात आहेत.

कुटुंबाने काय करावे ?

वजन वाढले म्हणून औषध स्वतःहून बंद करणे ही सर्वांत घातक चूक होय, कारण त्यामुळे आजार उलटण्याची भीती असते. औषध बदलणे, मात्रा कमी करणे किंवा मेटफॉर्मिनसारखे पूरक औषध देणे हे निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचे असतात.

घरात रुग्णासाठी वेगळा स्वयंपाक करण्याची गरज नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक हा या भागातील नेहमीचाच आहार उत्तम आहे. चहातील साखर किंवा गूळ, फरसाण व बेकरीचे पदार्थ कमी करावेत. तहानेला पाणी द्यावे. रोज अर्धा तास चालण्यास घरातील कोणीतरी सोबत करावी. त्याच्या ताटावरून टोमणे मारू नयेत.

सीमाभागातील रुग्ण कधी बेळगाव व धारवाड येथे, तर कधी कोल्हापूर व मिरज येथे उपचार घेतात. दवाखाना बदलला की जुन्या नोंदी मागे राहतात. यासाठी एक साधी वही ठेवावी. तीत औषधाचे मूळ नाव, मात्रा, तारीख, वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब व साखर लिहावी आणि प्रत्येक भेटीच्या वेळी ती डॉक्टरांना दाखवावी. घरात लिहिणारे कोणी नसल्यास शिक्षक अथवा आरोग्य कर्मचारी यांनी, रुग्णाच्या संमतीने व गुप्तता राखून, हे काम करावे. दूरध्वनीवरून सल्ला हवा असल्यास १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही विनामूल्य सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

वजनकाटा, मोजपट्टी आणि वही एवढ्या साधनांनी या कामास आरंभ करता येतो. मनाच्या उपचाराबरोबर शरीराचीही निगा राखली गेली, तरच रुग्णाला पूर्ण आरोग्याचा लाभ होईल.